पुस्तकातला क्यूआर कोड
बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड ‘दीक्षा’ अ‍ॅपने स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ, स्वाध्याय उघडतात. केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ २०१७मध्ये आले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी मात्र पुस्तकात कोड त्याआधीच आणले होते. २०२०चे ‘ग्लोबल टीचर प्राइज’ त्यांना मिळाले, आणि १० लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली!

पण घरी हे कोड वापरताना खरी अडचण फोनची. अनेक घरांत तो एकच असतो आणि दिवसभर वडिलांबरोबर कामावर जातो. संध्याकाळी भावंडांची रांग, त्यात डेटा संपलेला. म्हणून शिक्षकांनी धड्यांचे व्हिडिओ वर्गातच दाखवावेत. ‘दीक्षा’वरचे साहित्य आधी डाउनलोड केले, तर इंटरनेटशिवायही चालते.