पन्नास मीटरवरची रायफल : पैसा कोठे घालावा?

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल 'थ्री पोझिशन' प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकावले. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळविले होते. अशा यशानंतर नेमबाजीच्या क्लबांकडे पावले वळतात, आणि एअर रायफलवर वर्ष-दोन वर्षे घालविलेला नेमबाज घरी एक प्रश्न घेऊन येतो : आता .२२ ची रायफल घ्यायची, पण परवडेल अशी कोणती? पालकांच्या पोटात गोळा येतो तो येथेच.

.२२ म्हणजे ५.६ मिलिमीटर व्यासाची गोळी. ५० मीटरच्या स्पर्धांत हीच चालते, आणि रायफल बहुतेक 'बोल्ट अॅक्शन'ची असते. हाताने बोल्ट मागे ओढायचा, रिकामी पुंगळी बाहेर पडते, नवे काडतूस बसवून बोल्ट पुढे सारून बंद करायचा. गोळी सुटताना या रचनेत हलणारे भाग थोडे असतात व काडतूस प्रत्येक वेळी त्याच जागी घट्ट बसते. वेग कमी, पण सारखेपणा अधिक. आणि नेमबाजीत सारखेपणालाच किंमत आहे.

अचूकता किती लागते, हे आधी पाहू. ५० मीटरच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. गोळीच्या छिद्राची कड या वर्तुळाला नुसती टेकली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून साधारण ८ मिलिमीटरच्या आत पडला की काम झाले. चांगल्या स्थितीतील साधी कारखानी .२२ रायफल योग्य काडतुसांसह या मर्यादेच्या बऱ्यापैकी जवळ जाते. अंतिम फेरीत मात्र दशांश गुण मोजले जातात. तेथे अॅन्शुट्झ, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ यांसारख्या जर्मन स्पर्धा-रायफलींना पर्याय नाही, हे मान्य करावे लागते. परंतु नवशिक्याचे गुण नळीमुळे जात नाहीत. ते जातात डगमगणाऱ्या कोपरामुळे, अवेळी सोडलेल्या श्वासामुळे आणि हिसक्याने ओढलेल्या चापामुळे.

म्हणून रायफल हाती घेताना नळीवरच्या नावाआधी दस्ता पाहावा. दस्त्याचा मागचा भाग खांद्याच्या खोबणीत ठेवून गाल सहज टेकवला असता डोळा आपोआप मागच्या छिद्रासमोर आला पाहिजे. मान ताणावी किंवा वाकवावी लागत असेल, तर साठाव्या गोळीपर्यंत ती दुखू लागते आणि गुण त्याच वेळी घसरतात. गालाचा आधार आणि मागची पट्टी खालीवर व पुढेमागे करता येणारा दस्ता वाढत्या वयाच्या मुलांसाठी जवळजवळ आवश्यकच. दुसरी गोष्ट चाप. साध्या शिकारी धाटणीच्या रायफलीचा चाप जड आणि खरखरीत असतो. स्पर्धेच्या रायफलीचा चाप शंभर-सव्वाशे ग्रॅम दाबाने सुटतो. चाप कोठे सुटतो ते बोटाला दर वेळी तेथेच जाणवले पाहिजे. तिसरी गोष्ट दर्शक. मागे बारीक छिद्राचे, पुढे कड्याचे दर्शक बसविण्यासाठी नळीवर व पाठीवर सोय आहे का, हे विचारायला लोक हमखास विसरतात. दर्शकांचा वेगळा संच स्वस्त नसतो. तो धरून किंमत करावी.

बाजारात सामान्य ग्राहकासमोर मार्ग मोजकेच आहेत. परदेशी रायफल सरसकट आयात करता येत नाही. सवलत आहे ती 'नामांकित नेमबाज' म्हणून मान्यता पावलेल्यांना आणि क्रीडा संघटनांना. परिणामी जुन्या परदेशी रायफलींचे भाव आपल्याकडे अवाजवी चढे राहतात. सरकारी आयुध कारखान्यांची .२२ स्पोर्टिंग रायफल तुलनेने स्वस्त; सरावाची सुरुवात तिच्यावर होऊ शकते, पण दस्ता आणि चाप यांबाबत तिच्याकडून फार अपेक्षा नको. दुकानात तिच्या शेजारीच इच्छापूरची .३१५ बोल्ट अॅक्शन रायफल दिसते. ती दिसायला भारदस्त असली, तरी तिचा धक्का, आवाज आणि काडतुसाचा खर्च पाहता लक्ष्यवेधाच्या शिक्षणासाठी तिचा उपयोग नाही. (ब्रिटिश अमदानीत .३०३ ही लष्करी काडतुसे नागरिकांना वर्ज्य झाली, म्हणून हे वेगळे माप आपल्याकडे रुजले.)

या सगळ्यांत सर्वांत शहाणपणाचा पर्याय अर्थातच निवृत्त नेमबाजाची वापरलेली स्पर्धा-रायफल हा. ती घेताना नळीचे पुढचे तोंड भिंगातून पाहावे. तेथे टवका असेल तर गोळी वाकडी निघते. बोल्ट काढून काडतूस बसण्याच्या जागेची कड तपासावी. .२२ चे काडतूस कडेवर आघात होऊन उडते; रायफल वारंवार रिकामी चालविली असेल, तर सुईचा घाव त्या कडेवर उमटलेला असू शकतो. मग क्लबातच टेकूवर ठेवून पाच-पाच गोळ्यांचे चार-पाच गट ५० मीटरवर मारून पाहावेत. विकणारा याला नकार देत असेल, तर सौदा सोडून द्यावा.

सर्वांत मोठा खर्च मात्र पुढेच आहे. थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत साठ गोळ्या असतात. आठवड्यातून तीन दिवस तेवढाच सराव धरला, तरी वर्षाला नऊ हजारांवर काडतुसे लागतात. रायफल एकदाच घ्यावी लागते. त्यामुळे रायफलीच्या किमतीत बचत करून उरलेला पैसा काडतुसांकडे वळवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. काडतुसे निवडताना अतिवेगवान प्रकार टाळावा. ध्वनीच्या वेगाच्या वर सुटलेली गोळी पुढे त्या वेगाखाली येताना डळमळते. म्हणूनच स्पर्धेची काडतुसे सेकंदाला ३२०-३३० मीटरच्या आसपास ठेवलेली असतात. शिवाय प्रत्येक नळीची आवड वेगळी. एकाच कंपनीच्या दोन उत्पादन-गटांतली काडतुसे एकाच रायफलीतून निराळे निकाल देतात. तेव्हा आधी थोडी थोडी मारून पाहावीत आणि जी जुळतात, त्याच गटाची खोकी एकदम घ्यावीत.

हे सारे करण्याआधी परवाना हवा. .२२ रायफल शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांखाली येते. अर्ज शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. परवान्यासाठी वयाची अट २१ वर्षांची. लहान मुलांनी क्लबाच्या देखरेखीखाली क्लबाच्याच रायफलीवर सराव करावा. चारित्र्य पडताळणी आणि क्लबाचे शिफारसपत्र यांत महिने जातात, तेव्हा विक्रेत्याला आगाऊ रक्कम देण्याची घाई नको. रायफल हातात पडल्यावर तिच्यावरील क्रमांक परवान्यात नोंदविलेल्या क्रमांकाशी जुळतो का, हे तेथेच उभे राहून अक्षर-अक्षर ताडून पाहावे.