खांबाला न शिवता

टोकियोच्या कासाई येथील कृत्रिम जलप्रवाहावर 27 जुलै 2021 रोजी झालेल्या ऑलिंपिक कयाक स्लॅलमच्या अंतिम फेरीत ऑस्ट्रेलियाच्या जेसिका फॉक्सची कयाक रिकार्डा फुंक या जर्मन युवतीच्या कयाकपेक्षा जवळजवळ पावणेतीन सेकंद कमी वेळात अंतिम रेषेपार गेली, आणि तरीही सुवर्णपदक फुंकच्याच गळ्यात पडले, ही हकीकत या खेळाशी अपरिचित असलेल्या वाचकास प्रथमदर्शनी अन्यायाची वाटण्याचा संभव आहे.

वस्तुतः स्लॅलम ही केवळ घाईची शर्यत नव्हे. उसळत्या पाण्यावर वरून टांगलेल्या दोन-दोन खांबांची दारे असतात. हिरव्या पट्ट्यांची दारे प्रवाहाबरोबर उतरताना आणि तांबड्या पट्ट्यांची दारे प्रवाहाविरुद्ध चढून ओलांडावी लागतात. खांबाला वल्हे, नाव किंवा अंग यांपैकी काहीही शिवले तर 2 सेकंदांची आणि दारच चुकले तर 50 सेकंदांची दंडआकारणी होते. फॉक्सचे दोन स्पर्श झाले, म्हणून तिची वेळ 106.73 सेकंद धरण्यात आली. फुंकने एकाही खांबाला न शिवता 105.50 सेकंदांत फेरी पुरी केली होती. तांबड्या दारापाशी नाव प्रवाहातून बाजूच्या संथ पाण्यात वळवताना वल्ह्याचे पाते खोल रोवून तेवढ्यावरच सारी नाव फिरवावी लागते, आणि त्याच क्षणी डोके व खांदा मागे झुकवून खांब चुकवावा लागतो. वेगाचा मोह आवरण्याची खरी कसोटी या ठिकाणी असते, आणि फुंकचे श्रेष्ठत्व माझ्या मते तिच्या बाहुबळापेक्षा या आत्मनिग्रहात अधिक आहे.

1992 साली आर नदीच्या काठच्या बाड नॉयनार-आरवायलर या गावी जन्मलेल्या फुंकने पुढे सरावासाठी ऑग्सबुर्ग येथे वास्तव्य केले. म्युनिक ऑलिंपिकच्या निमित्ताने, 1972 साली या खेळाचा ऑलिंपिकमध्ये प्रथम प्रवेश झाला तेव्हा, लेख नदीचे पाणी वळवून सिद्ध केलेला आइसकानाल हा प्रवाह याच नगरीत आहे. ऑलिंपिकमध्ये स्लॅलमच्या प्रत्येक प्रकारात एका राष्ट्राची एकच नाव उतरवण्याचा शिरस्ता असल्याने जर्मनीत खरी झुंज अनेकदा निवड-चाचणीतच होते; 2015 च्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवूनही पुढल्या वर्षी रिओ ऑलिंपिकची जागा फुंकला न मिळता तिची सहकारी मेलानी फायफर हिला मिळाली. पुढची पाच वर्षे तिने सरावात घालवली.

टोकियोच्या विजयापूर्वी दोन आठवड्यांच्या आत, 14 जुलैच्या रात्री, आर नदीला महापूर येऊन त्या खोऱ्यात 130 हून अधिक माणसे दगावली, तिच्या गावाची दैना उडाली. ज्या पाण्यावर बालपणापासून प्रेम केले त्याच पाण्याने जन्मगाव उद्ध्वस्त करावे, आणि त्याच पाण्यावर पुन्हा चित्त एकाग्र करण्याचे कर्तव्य लगोलग समोर यावे, या अवस्थेची कल्पनाही दुःसह आहे. जर्मनीला त्या ऑलिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिल्यावर तिने आपल्या गावाचे स्मरण केले.

त्याच वर्षी ब्रातिस्लावा येथे आणि 2022 मध्ये ऑग्सबुर्गच्या आपल्या परिचित प्रवाहावर, स्वजनांसमक्ष, ती जगज्जेती झाली. 2024 साली पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत मात्र एक दार तिच्याकडून हुकले, 50 सेकंदांची आकारणी झाली, आणि सुवर्णपदक फॉक्सने पटकावले.