प्रागचा पूल आणि आपले झेवियर

प्राग शहरी व्हल्टावा नदीवर सम्राट चौथा चार्ल्स याने १३५७ साली ज्याचा पाया घातला, तो ५१६ मीटर लांबीचा दगडी पूल आज केवळ पादचाऱ्यांसाठी आहे. कठड्यांवर संतांचे ३० पुतळे व शिल्पसमूह. प्रवाशांची झुंबड उडते ती संत जॉन नेपोमुक यांच्यापाशी. १३९३ साली राजाज्ञेने त्यांना येथूनच नदीत टाकण्यात आले. राणीचे पापनिवेदन त्यांनी राजास सांगितले नाही, अशी परंपरा. इतिहासकार मात्र राजा व आर्चबिशप यांच्या कलहाकडे बोट दाखवितात. पुतळ्याखालील धातुपट्टीस हात लावल्याने भाग्य उजळते म्हणून लोक ती घासघासून लखलखीत करतात. धर्मगुरूच्या मौनाची स्मृती अशी शकुनावर यावी, याचे आम्हांस वाईट वाटते.

आमच्या वाचकांनी मात्र दुसऱ्या एका शिल्पापुढे थांबावे. जुन्या गोव्यात ज्यांच्या शवपेटीपुढे आपण रांगा लावतो, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांना येथे पूर्वेकडील माणसांनी खांद्यांवर तोलून धरले आहे. संत स्वतः प्रागला कधीच गेले नव्हते! ब्रोकोफ या मूर्तिकाराने हे शिल्प १७११ साली घडविले. १८९० च्या महापुराने ते नदीत लोटले. आज दिसते ती १९१३ ची प्रतिकृती. त्याच पुरात संत इग्नाशियस यांचेही शिल्प गेले. त्यांची जागा १९३८ साली संत सिरिल व संत मेथोडियस यांना मिळाली. गुरू परतले नाहीत, शिष्य तेवढे परतले.