मॅगझिनची थकलेली स्प्रिंग

अमेरिकेच्या कोल्ट कंपनीचं .25 कॅलिबरचं ‘व्हेस्ट पॉकेट’ हे जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरचं छोटं पिस्तूल 1908 मध्ये बाजारात आलं. उत्पादन कधीच थांबलं, पण संग्राहकांकडे ते अजून चालतं. त्याच्या 6 गोळ्यांच्या मॅगझिनमधली स्प्रिंग वारंवार दबून-सुटून ढिली पडते. मग गोळी वेळेत वर येत नाही आणि पिस्तूल अडकतं.

जुनी स्प्रिंग ताणून लांब करू नये. ती लवकरच पुन्हा बसते. अमेरिकेतच वुल्फसारखे स्प्रिंग बनवणारे कारखाने मॉडेलनुसार नवी देतात. जुनी काढताना तिचं वरचं टोक कुठल्या दिशेला आहे, ते नीट पाहून ठेवावं. मॅगझिनच्या तोंडाच्या कडाच वाकल्या असतील, तर मात्र नवी स्प्रिंगही उपयोगाची नाही.