आधी शरीर निवते, मग मन

राग किंवा भीती उसळली की मेंदूतील अमिग्डला हा बदामाच्या आकाराचा भाग धोक्याचा इशारा देतो. ॲड्रेनलिन रक्तात उतरते, छाती धडधडते, हातपाय ताठरतात आणि सारासार विचार मागे पडतो. म्हणून अशा क्षणी नुसता ‘शांत हो’ हा उपदेश फारसा लागू पडत नाही. आधी शरीर निवावे लागते. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ दिला, की व्हेगस मज्जातंतूमार्फत हृदयाची गती उतरते. मनात काय चालले आहे ते नेमक्या शब्दांत सांगितल्यानेही भावनेचा जोर ओसरतो.

बुलढाणा जिल्ह्यात भावना सावरण्याचा हा प्रश्न थेट जिवाशी निगडित आहे. कापूस-सोयाबीनची बरीचशी शेती पावसाच्या भरवशावर. नापिकी आणि कर्जातून आलेली हताशा शेतकरी अनेकदा कुणाजवळ बोलतच नाही. राज्य सरकारने 2015 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील 14 जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला, त्यात बुलढाणाही आहे. गावातल्या ओळखीच्या आशाताईंनी, म्हणजे ‘आशा’ आरोग्यसेविकांनी, घरी येऊन विचारपूस करायची आणि गरज दिसल्यास रुग्णाला मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोहोचवायचे, ही त्याची खरी ताकद. श्वासाने कर्ज फिटत नाही, हे खरेच. पण टोकाचा विचार तीव्र असतो त्या वेळी सोबत मिळाली तर जीव वाचू शकतो. 2022 पासून ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही, समुपदेशकाशी बोलता येते.