भिंतीवरचा 'पी' आणि 'एक्स'

बालदोस्तांनो, दाराशेजारच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं 'पी' किंवा 'एक्स' पाहिलंय कधी? सोबत तारीख, घराचा नंबर आणि एक बाण? उगीच कुणी खरडलेलं नाही हं ते! पल्स पोलिओवाल्या ताईंनी केलेली ती खूण असते. 'पी' म्हणजे या घरात पाच वर्षांखालचं एकही बाळ डोसावाचून राहिलेलं नाही. 'एक्स' म्हणजे घराला कुलूप होतं किंवा बाळ बाहेर गेलं होतं; इथं पुन्हा यायचं. आणि बाण सांगतो, ताई पुढे कुठं गेल्या.

पण निघायचं कुठून? त्यासाठी आधी कागदावर नकाशा काढावा लागतो. घोलवडचंच बघा. स्टेशनजवळची घरं सहज सापडतात. चिकूच्या वाडीत आतवर राहणाऱ्या मजुराचं घर मात्र रस्त्यावरून दिसतच नाही. तलासरीकडे वळलात की पाडे लागतात. एक घर इथं, दुसरं पार टेकाडापलीकडे! शिवाय गुजरातची हद्द जवळ. हद्दीवरच्या घराबद्दल दोन्हीकडचे म्हणणार, "ते त्यांचं." मग बाळ कुणाचं?

सगळ्यात अवघड कोण, सांगू? जे घरीच नसतात ते. भातकापणी झाली की डहाणू-तलासरीतली कितीतरी वारली कुटुंबं वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात. गावच्या यादीत त्यांचं बाळ असतं, पण झोपडीला कुलूप. म्हणून भट्ट्यांसाठी फिरतं पथक आणि रेल्वे स्टेशन, एस.टी. स्टँडवर वेगळी पथकं ठेवतात. अशा वेळी ऑफिसातल्या कागदापेक्षा पाड्यावरच्या अंगणवाडीताईंना जास्त ठाऊक असतं, असं मला वाटतं.

उन्हाचाही हिशेब असतो. लशीच्या बाटलीवर एक गोल आणि त्यात फिकट चौकोन असतो. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होतो. गोलाइतका गडद झाला की बाटली बाद! म्हणून लांबच्या पाड्यावर निघताना थंड पेटीत बर्फ नीट भरलाय ना, हे आधी बघायचं.

देशभर ही मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात सापडला, आणि २७ मार्च २०१४ला आपला देश पोलिओमुक्त ठरला. पाकिस्तान-अफगाणिस्तानात मात्र हा विषाणू अजून आहे. म्हणून डोस चालूच आहेत.

आता वही घ्या. आपल्या आळीचा किंवा पाड्याचा नकाशा काढा, पाच वर्षांखालची बाळं मोजा. मग आजीला दाखवा. बघा बरं, ती तुमचं कुठलं घर राहिलं म्हणते!