गार वाऱ्याची झुळूक आणि दमा

२१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरावर वादळ आले. पुढच्या ३० तासांत धाप लागलेले इतके लोक रुग्णालयांत पोहोचले की, तातडीच्या विभागांत नेहमीपेक्षा ३ हजारांहून जास्त रुग्णांची भर पडली. १० जण दगावले. त्यांना ना वीज लागली होती, ना त्यांच्यावर झाड कोसळले होते. त्यांचा जीव दम्याने घेतला.

मेलबर्न समशीतोष्ण पट्ट्यात येते. तिथली वादळे आपल्या चक्रीवादळांप्रमाणे उबदार समुद्रावर पोसली जात नाहीत. ध्रुवाकडची थंड हवा आणि विषुववृत्ताकडची उष्ण हवा समोरासमोर येते, तिथे कमी दाबाचे क्षेत्र तयार होते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे वारे त्याभोवती वळू लागतात. (उत्तर भारतात हिवाळी पाऊस आणणारा पश्चिमी विक्षोभ याच कुळातला.) थंड हवा जड असते. ती पाचरीसारखी उष्ण हवेखाली शिरून तिला वर ढकलते आणि गडगडाटी ढग उभे राहतात.

त्या दिवशी पारा ३५ अंशांवर गेला होता. थंड हवेची आघाडी येताच तो झपाट्याने उतरला. नोव्हेंबर हा तिथला वसंत. शहराभोवतीच्या माळांवर राय गवत फुलले होते. त्याचा अख्खा परागकण मोठा असल्याने नाकातच अडकतो. फार तर शिंका येतात. पण ओलाव्याने तो फुगून फुटला, की त्यातून अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. ते थेट फुप्फुसात उतरतात आणि श्वासनलिका आवळल्या जातात. ढगातून खाली आदळणारा वारा हे कण जमिनीलगत, माणसांच्या श्वासाच्या उंचीवर पसरवत जातो.

रुग्णांपैकी अनेकांना पूर्वी दमा नव्हता. वसंतात नाक गळणे, डोळे खाजणे एवढेच त्यांना माहीत. भारतीय आणि श्रीलंकन वंशाच्या लोकांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने बरेच जास्त होते. वाहत्या नाकाला आजार न मानण्याची आपली सवय इथे महागात पडते. नाकाच्या ॲलर्जीवर वेळीच उपचार घ्यावेत. दमा असेल, तर बरे वाटते म्हणून रोजचा इनहेलर बंद करू नये.

व्हिक्टोरिया राज्यात आता ऑक्टोबर ते डिसेंबरदरम्यान अशा वादळी दम्याचा अंदाज दिला जातो. तिथे राहणाऱ्या नातेवाइकांना तो पाहायला जरूर सांगावे. इशारा असेल त्या दिवशी वारा सुटण्याआधी घरात जावे आणि दारे-खिडक्या लावून घ्याव्यात. दिवसभर तापल्यावर आलेली गार झुळूक खिडकी उघडायला लावते, धोका नेमका तेव्हाच असतो.